धार वाढली की पकड आवळते : मूत्रमार्गाचा संसर्ग आणि ई. कोलाय

पेशीवेध

मूत्रमार्गाच्या संसर्गाचा विषय निघाला की दोन सल्ले ठरलेले असतात : भरपूर पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. दोन्ही योग्यच आहेत. पण कारण म्हणून 'जिवाणू धुऊन निघतात' असं सांगितलं जातं, तिथे माझी हरकत आहे. साध्या मूत्रमार्गसंसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ई. कोलाय या जिवाणूमुळे होतात आणि त्याची पकड धार वाढली की सुटत नाही, उलट आवळते. २००२ साली हे प्रयोगात मोजून दाखवलं गेलं.

थोडक्यात रचना अशी. जिवाणूच्या अंगावर प्रथिनांचे तंतू असतात, त्यांना पिलाय म्हणतात. मूत्राशयासाठी महत्त्वाचा तो टाइप १ पिलस. जाडी ७ नॅनोमीटरच्या आसपास, लांबी एक ते दोन मायक्रोमीटर. दांडा फिम-ए या एकाच प्रथिनाच्या शेकडो-हजारो एककांचा, मळसूत्री गुंडाळलेला. टोकाला फिम-एफ आणि फिम-जी, आणि अगदी शेवटी एकच रेणू फिम-एच. पकडायचं काम तो करतो. त्याचे दोन भाग आहेत. बाहेरच्या भागात एक खळगा असतो आणि त्यात मॅनोज या साखरेचा एक रेणू नेमका बसतो. आतला भाग दांड्याशी जोडलेला.

समोर मूत्राशयाच्या अस्तराचा सगळ्यात वरचा थर, छत्रीपेशी. त्यांच्या पृष्ठभागाचा बहुतेक भाग युरोप्लाकिन प्रथिनांच्या कडक पट्ट्यांनी झाकलेला असतो. युरोप्लाकिन मुख्यतः चार : १ए, १बी, २ आणि ३ए. त्यांतल्या १ए वरच्या साखरेच्या फांद्यांची टोकं मॅनोजची असतात. फिम-एच तिथे बसतो.

आता गंमत. शांत स्थितीत आतला भाग बाहेरच्या भागाला खेटून असतो आणि त्या दाबाने खळगा सैल राहतो. मॅनोज येतं, क्षणभर थांबतं, सुटतं. तंतूवर ताण आला की दोन्ही भाग एकमेकांपासून दूर होतात, बाहेरचा भाग लांबट होतो आणि खळगा मॅनोजभोवती मिटतो. सरफास जसा ओढला की आवळतो, तसं.

माझे प्रश्न दोन. असं असेल तर पाण्याचा उपयोग नेमका कोणत्या टप्प्यावर होतो? आणि तो खळगा आधीच भरून टाकायचा, म्हणजे मॅनोजची पावडर वगैरे, या कल्पनेत किती दम आहे? प्रयोगशाळेत आणि वॉर्डात काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

वाचनवेडी

वाचनखूण साठवली. प्रतिसादांची वाट बघते आहे.

शंकासुर

रचनेबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. २००२ चा प्रयोग प्रवाहकक्षात झाला, म्हणजे तळाला मॅनोज किंवा तांबड्या पेशी आणि वरून ठरावीक वेगाने द्रव. मूत्राशय ही नळी नाही, पिशवी आहे. लघवी करताना सेकंदाला १५ ते ३० मिलिलिटर बाहेर पडतं खरं, पण तो वेग मूत्रमार्गाच्या अरुंद नळीत. पिशवीच्या भिंतीलगत द्रव जेमतेम सरकतो. मग ताण येतो कुठून?

रेणूरंग

शंकासुर, मुद्दा रास्त आहे. भिंतीलगतचा कातरताण (वाहता द्रव भिंतीला घासून जो ताण देतो तो) मूत्रमार्गात जास्त आणि पिशवीत कमी, हे खरंच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, ताण फक्त प्रवाहाने येत नाही. मूत्राशय भरताना अस्तर ताणलं जातं, रिकामं होताना त्याला घड्या पडतात, पेशींचा पृष्ठभाग सरकतो. पाच-दहा तंतूंनी धरलेला जिवाणू त्या हालचालीत ओढला जातोच.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या सैल-घट्ट व्यवस्थेचा खरा फायदा शांत पाण्यात आहे. लघवीत मॅनोज असलेली मोकळी प्रथिनं तरंगत असतात. मोकळा रेणू खळग्यात बसला तरी तो कशालाच बांधलेला नसल्यामुळे तंतूवर ताण येत नाही. ताण नाही म्हणजे खळगा सैल, म्हणजे रेणू सुटून जातो. पेशीवरचं मॅनोज मात्र भिंतीला पक्कं असतं, तिथे जरा ओढ बसली की खळगा मिटतो. फक्त आवळण्याची ताकद असती तर फिम-एच पहिल्याच मोकळ्या रेणूवर अडकून बसला असता. सैलपणामुळे त्याला खरा पृष्ठभाग आणि तरंगता रेणू यांत फरक करता येतो.

प्रवाहकक्षात हे डोळ्यांनी दिसतं. प्रवाह मंद असताना जिवाणू मॅनोजच्या पृष्ठभागावरून गडगडत पुढे जातात, वेग वाढवला की जागीच थांबतात, पुन्हा कमी केला की गडगडू लागतात. थांबणं-चालणं अनेकदा उलटसुलट करता येतं.

दांड्याचंही एक काम आहे. साधारण ३० पिकोन्यूटन ओढ बसली की मळसूत्र उलगडू लागतं, तंतू कित्येक पट लांब होतो, ओढ गेली की पुन्हा गुंडाळला जातो. उलगडत असताना ताण जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे झटका टोकाच्या बंधावर पोचत नाही आणि अनेक तंतूंमध्ये भार सारखा वाटला जातो.

त्रैराशिक

पाण्याच्या प्रश्नाचं गणित करून बघू. आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत.

मूत्राशयात ३०० मिलिलिटर लघवी साठली आणि लघवी केल्यावर ५ मिलिलिटर उरली असं धरा. तरंगणारे जिवाणू ६० पटींनी घटले. दर ३० मिनिटांना ते दुप्पट होतात असं धरलं, तर तीन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. गाडी जिथल्या तिथे. दर दोन तासांनी गेलात तर वाढ १६ पट. तेवढ्या वेळात ३०० मिलिलिटर साठायला पाणीही तितकं हवं, पण ते धरलं तर घट ६० पटच, म्हणजे प्रत्येक फेरीला संख्या जवळजवळ चौथाईवर येते. रात्रीचे आठ तास मात्र सोळा वेळा दुप्पट, म्हणजे ६५,५३६ पट.

आता शिल्लक ५ ऐवजी ५० मिलिलिटर ठेवा. घट फक्त सहा पट. प्रोस्टेट वाढलेल्यांना किंवा मूत्राशयाच्या नसा बिघडलेल्यांना संसर्ग का चिकटून राहतो ते इथेच कळतं. त्यांच्यात जिवाणूला पकडीची फारशी गरजच उरत नाही.

आणि हे सगळं तरंगणाऱ्यांचं झालं. जे भिंतीला धरून आहेत त्यांना ६० ने भागताच येत नाही. ते दर फेरीला नवे जिवाणू पुरवत राहतात.

पेशीवेध

त्रैराशिक, हेच हवं होतं. म्हणजे पाणी चिकटलेल्यांना उपटत नाही, चिकटायच्या आधीची संख्या खाली ठेवते.

रात्रपाळी

पाण्याबद्दल चाचणी झालेली आहे, ती इथे नोंदवते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रजोनिवृत्तीआधीच्या वयाच्या १४० स्त्रिया, सगळ्यांना वारंवार संसर्ग होणारा आणि सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. मुळात कमी पिणाऱ्यांमध्ये हा फरक दिसला, हे विसरायचं नाही. आधीच अडीच-तीन लिटर पिणाऱ्या बाईला अजून पाजून तितकाच फायदा होईल असा अर्थ त्यातून निघत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी तर हा आकडा वाचून वाढवूच नये.

मूकवाचक

रात्री जाग आली तर आळस न करता उठावं, हे ६५,५३६ बघून पटलं :)

साखरझोप

रेणूरंग यांनी तरंगत्या मॅनोजधारी प्रथिनांचा उल्लेख केला, त्यातलं मुख्य म्हणजे युरोमॉड्युलिन. जुनं नाव टॅम-हॉर्सफॉल प्रथिन. मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वळणाच्या चढत्या जाड भागात ते तयार होतं आणि निरोगी माणसाच्या लघवीत सर्वाधिक असणारं प्रथिन हेच. एकेक रेणू जोडून त्याचे लांब तंतू होतात आणि प्रत्येक रेणूवर एका ठरावीक जागी मॅनोजने भरलेली साखरफांदी असते. हे तंतू जिवाणूच्या पिलायवर गुंडाळले जातात, जिवाणूंचे गठ्ठे होतात आणि गठ्ठे लघवीबरोबर बाहेर जातात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना टाइप १ पिलाय असलेल्या ई. कोलायचा संसर्ग सहज होतो.

मग मोकळा रेणू टिकत नाही आणि तंतू टिकतो, हे कसं? तंतूवर मॅनोजच्या जागा ओळीने असतात. एक सुटेपर्यंत शेजारची दुसरी पकडलेली असते आणि लांब तंतू स्वतःच ओढ निर्माण करतो. सुट्या साखरेत आणि साखर लावलेल्या तंतूत हा फरक आहे. मॅनोजच्या पावडरीची चर्चा निघेल तेव्हा तो लक्षात ठेवावा.

मूत्रपिंडात गोष्ट वेगळी. तिथे पी पिलाय कामाला येतात. त्यांच्या टोकाचं पॅप-जी मॅनोज धरत नाही. ते दोन गॅलॅक्टोज विशिष्ट कोनात जोडलेली जोडी धरते, आणि ही जोडी मूत्रपिंडाच्या पेशींवरच्या ग्लायकोलिपिडांवर (साखर जोडलेल्या मेदरेणूंवर) असते. १९८० च्या सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी हे दाखवलं. पॅप-जीचे तीन मुख्य प्रकार असून माणसातल्या मूत्रपिंडदाहाशी दुसऱ्या प्रकाराचा संबंध सर्वांत ठळक. हीच जोडी पी रक्तगटाच्या प्रतिजनात असते, म्हणून पी प्रतिजनं अजिबात नसलेल्या दुर्मीळ व्यक्तींच्या पेशींना हे पिलाय धरू शकत नाहीत. युरोमॉड्युलिनचा अडथळाही पी पिलायला होत नाही.

म्हणून 'जिवाणू चिकटू नये म्हणून अमुक घ्या' असं कुणी म्हटलं की आधी विचारावं : कुठे चिकटू नये म्हणून? मूत्राशयात की मूत्रपिंडात?

शंकासुर

मग एकाच जिवाणूवर दोन्ही प्रकारचे पिलाय एकदम असतात का? तसं असेल तर एक अडवून काय उपयोग?

रेणूरंग

जनुकं दोन्हीची असू शकतात, पण दोन्ही एकदम उभारणं जिवाणू सहसा टाळतो.

टाइप १ ची कळ फार सुंदर आहे. फिम जनुकांच्या आधी डीएनएचा ३१४ अक्षरांचा तुकडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना ९-९ अक्षरांचे उलट क्रम. हा तुकडा कापून, फिरवून, पुन्हा जोडला जातो. सरळ असेल तर आतला प्रवर्तक (जनुकं चालू करणारा भाग) जनुकांकडे तोंड करतो आणि पिलाय तयार होतात. उलटा असेल तर नाही. फिम-बी हे प्रथिन तुकडा दोन्ही दिशांना फिरवतं, फिम-ई मुख्यतः चालूचा बंद करतं. म्हणून एकाच पूर्वजाच्या वसाहतीत काही जिवाणू पिलायधारी, काही बिनपिलायचे, असं मिश्रण सतत असतं.

पी पिलायची कळ वेगळ्या तत्त्वावर चालते, तिथे डीएनएवरचं मिथिलीकरण (डीएनएवर लागणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) ठरवतं. दोन्ही कळींचा आपसात संबंध आहे. पॅप-बी हे पी पिलायचं नियामक प्रथिन फिम-बीला अडवतं. पी चालू झाले की टाइप १ बंद होण्याकडे कल जातो.

आणखी एक. रुग्णाच्या लघवीत तरंगणारे जिवाणू पाहिले तर त्यांच्यात टाइप १ बऱ्याचदा बंद सापडतात. त्यावरून 'या संसर्गात पिलायचा हात नाही' असा निष्कर्ष पूर्वी काढला गेला होता. पण ते न चिकटलेले आहेत म्हणून तर लघवीत आलेत. पेशींना चिकटलेले बघितले की चित्र पालटतं.

अगारपट्टी

प्रयोगशाळेची बाजू लिहिते, कारण निम्मे गोंधळ तिथेच होतात.

टाइप १ पिलाय हवे असतील तर कल्चर (वाढवत असलेले जिवाणू) हलवायचं नाही. एलबी या पोषक द्रवात ३७ अंशांना २४ तास स्थिर, मग त्यातून एकास हजार प्रमाणात नव्या माध्यमात घेऊन पुन्हा २४ तास स्थिर. स्थिर द्रवात पिलायधारी जिवाणू पृष्ठभागावर साय धरतात, त्यांना हवा मिळते, म्हणून त्यांचं प्रमाण वाढतं. शेकरवर (हलवणाऱ्या यंत्रावर) रात्रभर फिरवलेलं किंवा अगारच्या घट्ट थरावरून खरवडलेलं कल्चर घेतलं की पिलाय नगण्य, आणि मग 'आमचा स्ट्रेन (जिवाणूचा वाण) चिकटतच नाही' अशी तक्रार. पी पिलायला उलट अगार मानवतो, पण तापमान सांभाळा. खोलीच्या तापमानाला ते बंद होतात.

पिलाय आहेत की नाहीत याची स्वस्त तपासणी म्हणजे तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात का ते बघणं. गिनीपिगच्या तांबड्या पेशींचं ३ टक्के मिश्रण, तेवढंच जिवाणूंचं दाट मिश्रण, काचपट्टीवर एकत्र करून दोन-तीन मिनिटं हळू डोलवायचं. दाणे (म्हणजे गुठळ्या) पडले तर शेजारच्या थेंबात २ ते ३ टक्के मॅनोज घालून पुन्हा. मॅनोजने दाणे गेले तर टाइप १. तांबड्या पेशी नसतील तर बेकरीचं यीस्टही चालतं, त्याच्या भिंतीवर मॅनोजच मॅनोज असतं. पी पिलायसाठी पी१ प्रतिजन असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी घ्यायच्या आणि मॅनोज घालूनच बघायचं. तरीही दाणे पडले तर पी किंवा इतर मॅनोजला न जुमानणारे पिलाय. निव्वळ मीठपाण्याच्या बफरमध्ये जिवाणू आपोआप गोळा होत नाहीत ना, तो थेंब विसरू नये.

चिकटण्याची मोजणी करताना बहुतेक जण ५६३७ ही मूत्राशयाच्या कर्करोगाची पेशीवंशिका वापरतात. चोवीस खणांची प्लेट, पेशींचा थर पूर्ण भरलेला, दर पेशीमागे पाच-दहा जिवाणू. सेंट्रिफ्यूजमध्ये ६०० जी वर तीन ते पाच मिनिटं फिरवून जिवाणू तळाला बसवायचे, ३७ अंशांना दोन तास, मग कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त बफरने पाच धुण्या. ०.१ टक्का ट्रायटन या साबणासारख्या रसायनाने पेशी फोडून सौम्य करत प्लेटवर टाकायचं. आत शिरलेले मोजायचे असतील तर धुण्यांनंतर जेंटामायसिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दोन तास, म्हणजे बाहेरचे मरतात.

चुका कुठे होतात? कॅल्शियम नसलेल्या बफरने धुतलं की पेशीच उखडतात आणि जिवाणू त्यांच्याबरोबर गेल्यामुळे आकडा पडतो. पिपेटने जोरात वर-खाली केलं की पिलाय तुटतात. पिलायधारी जिवाणू गुठळ्या करतात, त्यामुळे गढूळपणावरून काढलेली संख्या फसवते, प्लेटवर मोजूनच खात्री करावी. स्ट्रेन जेंटामायसिनला दाद देत नसेल तर दुसरा आकडा निरर्थक. आणि दोन नियंत्रणं हवीतच : फिम-एच जनुक काढलेला तोच स्ट्रेन, आणि मॅनोज घातलेला खण. दोन्हींत आकडा पडला नाही तर तुम्ही मोजता आहात ते प्लास्टिकला चिकटलेलं.

साखरझोप

अगारपट्टी, उत्तम. एक भर. ५६३७ पेशींवर युरोप्लाकिनच्या पट्ट्या नीट तयार होत नाहीत. तिथे फिम-एच मुख्यतः अल्फा-३ बीटा-१ इंटेग्रिन या पेशीपृष्ठावरच्या प्रथिनावरचं मॅनोज धरतो. आत शिरण्याचा अभ्यास करायला ते चालतं, कारण इंटेग्रिनमुळेच पेशीचा ॲक्टिन सांगाडा हलतो आणि पेशीपटल जिवाणूला वेढून घेतं. पण 'मूत्राशयात किती घट्ट चिकटतो' याचं उत्तर त्या आकड्यावरून देऊ नये. त्यासाठी परिपक्व थर लागतो, एक तर थर धरलेली मानवी मूत्रपेशी संस्कृती किंवा उंदराचं मूत्राशय.

वाचनवेडी

आत शिरतात म्हणजे? मला वाटलं होतं बाहेरूनच चिकटून राहतात.

रेणूरंग

वाचनवेडी, चिकटणं ही सुरुवात. आत शिरलेला जिवाणू आधी पेशीपटलाच्या एका बारीक पिशवीत असतो. पेशी पुष्कळांना ओळखून बाहेर फेकते. जे पिशवी फोडून पेशीद्रवात येतात ते भराभर वाढतात आणि एका छत्रीपेशीत हजारोंची दाट वसाहत होते. २००३ मध्ये उंदरांमध्ये ही वसाहत दाखवली गेली, २००७ मध्ये संसर्ग झालेल्या काही स्त्रियांच्या लघवीतल्या पेशींतही सापडली. नंतर काही जिवाणू लांब सुतासारखे वाढून बाहेर पडतात, त्या आकारामुळे पांढऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत, आणि शेजारच्या पेशी धरतात.

शरीराचं उत्तर म्हणजे संसर्ग झालेल्या छत्रीपेशी सोडून देणं. त्याने पुष्कळ जिवाणू जातात, पण खालचा थर उघडा पडतो आणि तिथे थोडेसे शिरून न वाढता पडून राहू शकतात. उंदरांमध्ये हे साठे प्रतिजैविकांनंतरही टिकलेले दिसले आहेत. माणसातल्या वारंवार होणाऱ्या संसर्गाचा किती वाटा यांचा आणि किती आतड्यातून नव्याने आलेल्यांचा, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत, दोन्ही वाटा चालू असतात.

रात्रपाळी

आता पेशीवेध यांचा दुसरा प्रश्न. मॅनोजच्या पावडरीबद्दल दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

२०१४ ची : वारंवार संसर्ग होणाऱ्या ३०८ स्त्रिया, सहा महिने. रोज २ ग्रॅम मॅनोज घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्क्यांना पुन्हा त्रास, नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक घेणाऱ्यांत २० टक्के, काहीच न घेणाऱ्यांत ६० टक्के. आकडे डोळे दिपवणारे, पण कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं.

२०२४ ची, ब्रिटनमधली : ५९८ स्त्रिया, तोच २ ग्रॅमचा डोस, सहा महिने. यावेळी दुसऱ्या गटाला दिसायला तशीच फ्रुक्टोजची पूड आणि कुणाला काय ते ठाऊक नाही. पुन्हा संसर्गासाठी दवाखान्यात आलेल्या ५१ टक्के आणि ५५.७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान.

माझ्याकडे कुणी विचारलं तर मी दुसऱ्या चाचणीवर बोट ठेवते.

शंकासुर

पण काचपट्टीवर मॅनोजने दाणे विरघळतात ते आताच अगारपट्टींनी लिहिलं. मग पोटातून का नाही?

साखरझोप

प्रमाण आणि वेळ, शंकासुर. काचपट्टीवर २-३ टक्के मॅनोज, म्हणजे लिटरला २०-३० ग्रॅम, आणि सतत तेवढंच. तोंडाने २ ग्रॅम घेतलं, तर अगदी सगळं लघवीत उतरलं असं धरलं तरी दिवसाच्या दीड-दोन लिटरमध्ये पसरून लिटरला जेमतेम ग्रॅमभर, आणि तेही चढ-उतारासह. शिवाय सुट्या मॅनोजची पकड कमकुवत, मायक्रोमोलर पातळीची. रेणूरंग यांनी लिहिलेली ताणाची गोष्ट त्यावर आणखी.

म्हणून औषधरसायनशास्त्रज्ञांनी मॅनोजला लांब शेपूट किंवा सुगंधी वलयं जोडून मॅनोसाइड बनवले. खळग्याच्या तोंडाशी दोन टायरोसिन आहेत, त्यांच्यामध्ये ते वलय अडकतं आणि पकड नॅनोमोलर पातळीवर जाते (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). उंदरांमध्ये तोंडावाटे दिलेल्या अशा मॅनोसाइडने मूत्राशयातलेच नव्हे तर आतड्यातले रोगकारक ई. कोलायही कमी झाले, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. दुकानातली पावडर आणि हे रेणू एकाच तत्त्वाचे असले तरी ताकदीत एकमेकांजवळही नाहीत.

मूकवाचक

आणि क्रॅनबेरी?

रात्रपाळी

क्रॅनबेरीतले ए-प्रकारचे प्रोअँथोसायनिडिन हे घटक प्रयोगशाळेत मुख्यतः पी पिलायची पकड अडवतात, टाइप १ ची नाही. पुराव्याचं म्हणाल तर वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात फायदा दिसला नव्हता. २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास आले आणि चित्र बदललं. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे चौथाईने कमी, मुलांतही घट. गरोदर स्त्रिया, वृद्धाश्रमातले वृद्ध आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणारे रुग्ण यांच्यात फायदा दिसला नाही. शेवटचा गट त्रैराशिक यांच्या हिशोबाशी जुळतो : ५० मिलिलिटर शिल्लक राहत असेल तर चिकटणं अडवून मोठा फरक पडणार नाही.

हे सगळं टाळण्यासाठी. संसर्ग सुरू झालाय, ताप आहे, थंडी वाजते, कुशीत दुखतंय, उलट्या होताहेत, तर पावडर-रस बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. गरोदरपणात तर लक्षण नसतानाही लघवीत जिवाणू सापडले तर उपचार करतात.

कोपरापाणी

सगळी चर्चा ई. कोलायची चालली आहे. वॉर्डात कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) असलेल्यांचं निराळं आहे, ते लिहितो. कॅथेटर राहील त्या प्रत्येक दिवसामागे लघवीत जिवाणू येण्याचा धोका ३ ते ७ टक्के. नळी मूत्राशयाच्या अस्तराला घासते, सूज येते, रक्तातलं फायब्रिनोजेन झिरपून नळीवर लेप बसतो. एंटेरोकोकस फीकॅलिसचे पिलाय, टोकाचं प्रथिन ईबीपी-ए, नेमकं तेच फायब्रिनोजेन धरतात. उघड्या सिलिकॉनला ते नीट चिकटत नाहीत, शरीराने चढवलेल्या लेपाला चिकटतात. प्रोटियस मिराबिलिसची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं युरिएज युरियाचा अमोनिया करतं, लघवी अल्कधर्मी होते, स्फटिक पडून नळी आतून बुजते.

लघवीचा नमुना कॅथेटरच्या पिशवीतून कधीही घेऊ नये, नमुन्यासाठीच्या जागेतून घ्यावा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि लक्षणं असतील तर नळी बदलून नव्या नळीतून घ्यावा, नाहीतर नळीवरच्या थरातले जिवाणू मोजले जातात. आणि सगळ्यात परिणामकारक उपाय, नळीची गरज संपली की त्याच दिवशी काढणं.

अगारपट्टी

कोपरापाणी यांना +१. एक जोड : एंटेरोकोकस आणि स्टॅफिलोकोकस सॅप्रोफिटिकस नायट्रेटचं नायट्राइट करत नाहीत. लघवी तपासायच्या पट्टीवर नायट्राइट आलं नाही म्हणून संसर्ग नाही असं धरू नका.

शंकासुर

एक शेवटचा प्रश्न. चिकटणं इतकं महत्त्वाचं असेल तर लघवीत लाखो जिवाणू असूनही काहींना लक्षणंच नसतात, ते कसं?

रेणूरंग

त्याचं उदाहरण म्हणजे ई. कोलाय ८३९७२. एका मुलीच्या मूत्राशयात तो तीन वर्षं कोणत्याही लक्षणाशिवाय राहिला. जनुकं वाचली तेव्हा टाइप १ च्या जनुकांतला चार हजारांहून जास्त अक्षरांचा तुकडा गळालेला आणि पॅप-जीसुद्धा बिघडलेलं आढळलं. लघवीत वेगाने वाढायचं, चिकटायचं नाही, पेशींना डिवचायचं नाही, असा त्याचा मार्ग. पिलाय पेशीला धरतात तेव्हाच पेशीकडून दाहाचे संकेत सुटतात. म्हणून लक्षणं नसलेल्यांना केवळ कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून प्रतिजैविकं देऊ नयेत, गरोदरपण आणि अस्तराला इजा होणारी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद सोडून.

पेशीवेध

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. पाणी तरंगणाऱ्यांवर काम करतं, चिकटलेल्यांवर नाही, आणि म्हणून त्याचा उपयोग संसर्गाआधी जास्त. मॅनोजच्या पावडरीचं तत्त्व खरं, ताकद अपुरी. ८३९७२ मूत्राशयात मुद्दाम सोडून वारंवार होणारे संसर्ग रोखायचे प्रयत्न झाले आहेत, त्यावर स्वतंत्र धागा काढतो. रेणूरंग, फिम-सी आणि फिम-डी ही जिवाणूची प्रथिनं मिळून पिलस बाहेर कसा ढकलतात ते तुम्ही तिथे लिहाल का?

रेणूरंग

लिहितो. आधी फिम-सी प्रत्येक एककाला उणी असलेली बीटा-पट्टी तात्पुरती कशी पुरवतो तिथून सुरुवात करावी लागेल, नाहीतर फिम-डीच्या छिद्रातून फिम-एच सगळ्यात पहिला का बाहेर पडतो ते उलगडणार नाही.